ट्रुईचा थोरला पास झाला

ड्रोंटेन, १८ मे १९९४

तीर्थरूप आजोबांस फेनाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल भूगोलाचा पेपर झाला. कसा गेला ते विचारू नका, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही. सगळा भर डोंगरदऱ्यांवर. आमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे बांध, आणि त्यावर चढून पाहिलं तरी बटाटेच दिसतात. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर जन्मलेल्या मुलीला डोंगर विचारणं हा अन्याय आहे, असं मी आईला म्हटलं. तिने नेहमीची म्हण ऐकवली: साधं वाग, तेवढा वेडेपणा पुरे असतो. निकालाची तारीख तिने संडासातल्या वाढदिवसांच्या, दर वर्षी तेच चालणाऱ्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, त्यामुळे दिवसातून चारदा ती वाचावी लागते.

पास झालेल्यांच्या घरांवर रीतीप्रमाणे झेंडे लागतील, झेंड्याच्या काठीला दप्तरं लटकतील आणि आमचीच काठी बोडकी राहील. आजोबा, मला खरंच धास्ती वाटते.

पत्राची वाट पाहणारी,
तुमची फेना

फाल्स, २३ मे

चि. फेना हिस अनेक आशीर्वाद.

तुझा पलंग आहे तिथे चाळीस वर्षांपूर्वी मासे पोहत होते. त्यांच्या मानाने तुझी प्रगती बरी आहे. आमची टेकडी देशात सगळ्यात उंच, म्हणजे जेमतेम तीनशे बावीस मीटर. तरी आम्ही तिला डोंगर म्हणतो आणि कुणी हसलं की रागावतो.

तुझ्या जन्मसालची बाटली तळघरात आडवी आहे. तू पास झालीस की उघडायची. माझ्या द्राक्षमळ्यातली त्या वर्षीची बाकीची वाइन पिऊन पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं.

एकोणिसाव्या प्रश्नाचं मनाला लावून घेऊ नकोस. मास नदीचा तो नकाशा इतका फिकट छापलेला, की चष्मा तीनदा पुसूनही वळणं दिसेनात.

आहे तो लोभ वाढवत जा.
आजोबा

ड्रोंटेन, १६ जून

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

शाळेची रीत तुम्हाला ठाऊक आहे: नापासांना आधी फोन. दोनपर्यंत फोन वाजला नाही तर पास. पावणेदोनला वाजला. आई पांढरीफटक. उचलला तर मीनामावशी, तंबू उसना मागायला. आईने तिला असं झापलं की मावशी यंदा सुट्टीला जाईलसं वाटत नाही. आम्ही हसत असतानाच पुन्हा वाजला. तो शाळेचा होता.

दहापैकी गणितात पाच, भूगोलातही पाच. एक पाच चालतो, दोन नाही. भूगोलाची फेरपरीक्षा वीस तारखेला, आणि सहा मिळाले तर सुटले. दोन दिवस रडले. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. आजोबा, एकोणिसावा प्रश्न मी तुम्हाला कळवलाच नव्हता. चष्मा तुम्ही कुठे बसून पुसलात?

खरं काय ते लिहा. तुमचीच,
फेना

फाल्स, १८ जून

चि. फेना हिस आशीर्वाद.

पकडलंस. दोन हिवाळे मी संध्याकाळच्या शाळेत जातो आहे. भूगोल, एकच विषय. पेपर तुझाच, दिवसही तोच.

सोळाव्या वर्षी, परीक्षेला दोन महिने असताना, वडिलांचा पाय खाणीत चिरडला. मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि त्यांच्या जागी खाली उतरलो. सत्तावीस वर्षं या देशाच्या सहाशे मीटर खाली काढली, पण वर काय आहे ते शिकायचं राहूनच गेलं. माझी आई ट्रुई दर शरद ऋतूत त्या दप्तराला तेल लावायची. कशाला लावतेस म्हटलं, तर म्हणायची, लागेल. ती जाऊन वीस वर्षं झाली. तेल मी लावतो.

मला सात मिळाले. दप्तर लावणार नाही. तुझी काठी बोडकी असताना मी म्हाताऱ्याने मिरवायचं, हे शोभत नाही. आधी नातीचं, मग माझं.

अभ्यास कर.
आजोबा

ड्रोंटेन, २१ जून

ती. आजोबांस नमस्कार, आणि थोडा राग.

काल फेरपरीक्षा दिली. निकाल आठवड्याने. पण माझ्यासाठी थांबलात तर याद राखा. माझं दप्तर लागलं तर दोन आठवडे उशिरा लागेल. तुमचं एक्कावन्न वर्षं उशिरा लागतंय. मला सहा मिळोत वा न मिळोत, हे पत्र हातात पडताच लावायचं. शिडी शेजाऱ्याला धरायला सांगा.

तुमचं पत्र वाचून आई संडासात गेली आणि कॅलेंडरवर तुमच्या निकालाची तारीख लिहून आली. आता ती दर वर्षी येणार. डोळे लाल होते. कांदा चिरला म्हणाली, संडासात.

तुमच्यावर फार जीव असलेली,
फेना

फाल्स, १ जुलै

चि. फेना हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुला सहा मिळाल्याचं तुझ्या आईने फोनवर इतक्या मोठ्याने सांगितलं, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. शनिवारी या. तुमच्या काठीवरचं दप्तर काढून सोबत आण. इथल्या काठीला दुसरी आकडी ठोकून ठेवली आहे. बाटली उघडू. वाइन निघाली तर पिऊ, व्हिनेगर निघालं तर कोशिंबिरीवर घालू. पाला आणून ठेवला आहे.

माझं दप्तर मात्र तुझं ऐकून, पत्र मिळालं त्याच दिवशी लावलं. तेल चांगलं मुरलं आहे, पावसातही काही झालं नाही. टपालवाला सायकल थांबवून वर बघत राहिला. तुम्ही तर इथे एकटे राहता, मग या घरातलं मूल कोणतं पास झालं, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, ट्रुईचा थोरला.

तुझा आजोबा