पाथरवाडीचं टाकं

बोरीवली (पूर्व),
१९ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम. कुंदावहिनीलाही सांग. तिचा गुडघा आता बरा आहे, भाजी आणायला ती स्वतः जाते, हे रुचिराकडून कळलं. फोन तू उचलणार नाहीस म्हणून कागद घेऊन बसले आहे. घाटकोपर काही लांब नाही, पण दारात उभी राहिले आणि तू आत निघून गेलास, तर एवढं सगळं सांगायला मला परत धीर होणार नाही.

आधी माझी खबर. गेल्या मार्चमध्ये शाळेतून रिटायर झाले. घरी बसून काय करणार, म्हणून सहलींचं काम वाढवलं, आणि ते झकास चाललं आहे. पावसाळा सोडला तर दर रविवारी सकाळी सहाला नॅशनल पार्कच्या गेटपासून आमची बस निघते. मुलुंडचे पेन्शनर, इथल्या सोसायट्यांमधल्या बायका, कॉलेजची मुलं, सगळे असतात. पाथरवाडीला पोचलो की आधी लेणी, मग नदीकाठचे वीरगळ, मग पाण्याने कातळात कोरलेले ते गोल रांजणखळगे. वाघेरी नदी तशीच आहे, दादा. मागच्या महिन्यात उंबरावर धनेशाची जोडी बसली होती. पंख फडफडले की केवढा आवाज होतो! बसमधली चाळीस माणसं एकदम गप्प. त्यांना गप्प करणं सोपं नसतं, खरंच सांगते.

हे काम मला येतं. लेण्याच्या खांबापाशी उभी राहून बोलायला लागले की माणसं खाणं विसरतात. बढाई वाटली तर वाटू दे.

आणि लेण्यानंतर, वळणावर, मी त्यांना टाक्यापाशी नेते.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवून चहा करून आले. आता लिहिते.

नोव्हेंबरमधल्या एका बसमध्ये रुचिरा होती. सासरच्या आडनावाने बुकिंग केलेलं, त्यामुळे ती बसमध्ये चढेपर्यंत मला पत्ता नव्हता. मला बघून हसली, मागच्या सीटवर जाऊन बसली. दिवसभर मी नेहमीसारखी बोलले. टाक्यापाशीही नेहमीचंच बोलले: ही राणीची न्हाणी, तीनशे वर्षांपूर्वी सरदाराने आपल्या राणीसाठी खोदून घेतली, वगैरे. लोकांनी फोटो काढले. रुचिरा कडेला बसून दगडावरून हात फिरवत होती. सगळे जेवायला गावातल्या धाकूच्या अंगणात गेले, ती उठली नाही.

म्हणाली, "आत्या, बाबांनी मला इथे दोनदा आणलंय. दोन्ही वेळा त्यांनी या कडेवर हात ठेवून पाच नावं घेतली. रावजी, भिवा, सोनू, तुकाराम. पाचवं मला आठवत नाही."

मी म्हटलं, "मलाही नाही माहीत गं. आजा गेला तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबांना विचार ना."

"मी का विचारू? तू विचार."

एवढंच बोलली. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

दादा, अकरा वर्षांपूर्वी पेपरात माझ्या सहलीवर लेख आला आणि तू फोन केलास. "आजाचं टाकं तू राणीला देऊन टाकलंस," म्हणालास. मी म्हटलं होतं, लोकांना गोष्ट लागते. ते कारण खोटं होतं. खरं काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या लेखाच्या थोडं आधीची, माझी पहिलीच सहल होती ती. बसमधल्या बायका मला मॅडम मॅडम करत होत्या, डब्यातलं आग्रहाने वाढत होत्या. एकीने सहज विचारलं, "हे कुणी खोदलं?" ओठांवर खरं उत्तर आलं होतं. आमच्या आजाने, आणखी चौघांनी. पण पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला: नदी पन्नास पावलांवर असताना वेगळं टाकं कशाला? मग मला सांगावं लागलं असतं की बेचाळीसच्या उन्हाळ्यात नदी आटली, पाणी फक्त वरच्या डोहात उरलं, आणि तिथे आपल्या लोकांना भांडं बुडवायची बंदी होती. सांगितलं तर त्या बायका माझ्याकडे कशा बघतील, याची मला भीती वाटली. लाज वाटली म्हण. ज्यांनी बंदी घातली त्यांना वाटायला हवी होती, ती मला वाटली. आणि माझ्या तोंडून राणी बाहेर पडली. तिला नावसुद्धा नव्हतं.

मग ती वाढतच गेली. गावात पाटी लागली. धाकूने घराला 'राणीची न्हाणी होम स्टे' नाव दिलं. दर वेळी मी सांगायचे आणि दर वेळी आधीपेक्षा छान सांगायचे.

आता गेल्या रविवारचं ऐक. टाक्यापाशी कायमची दगडी पाटी बसवायची म्हणून ग्रामपंचायतीत बैठक होती. मजकूर माझ्याकडूनच मागितला होता. जिल्ह्याहून पर्यटनाचं काम बघणाऱ्या बाई आल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "राणी नव्हती. हे टाकं माझ्या आजाने आणि वस्तीतल्या चार माणसांनी खोदलं, कारण गावाने त्यांना डोहावर येऊ दिलं नाही."

धाकू उठलाच. "मॅडम, राणीचं तुम्हीच तर सांगितलंत!"

"हो. मीच सांगितलं. खोटं सांगितलं. तुझी पाटी माझ्यामुळे बदलावी लागणार, त्याची माफी मागते."

मागून कुणीतरी म्हणालं, "झालं गेलं, आता जुनं कशाला उकरायचं?"

मी म्हटलं, "मी काही उकरत नाहीये. ज्यांनी उकरलं, त्यांची नावं लावा म्हणतेय."

जिल्ह्याच्या बाईंनी शांतपणे पुरावा विचारला. कागद कुठला असणार? वाटलं, वाट लागली, अकरा वर्षांचं खोटं सगळ्यांना पटलं आणि खरं एका मिनिटात पडणार.

तेवढ्यात धाकूची आत्या बोलली. सुगंधाआत्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, दाराशी खुर्ची टाकून बसली होती. "मी पोर होते," म्हणाली. "त्या उन्हाळ्यात दिवसभर छिन्नीचे घाव ऐकू यायचे. आईला विचारलं तर म्हणायची, तिकडं बघू नको. डोहाची बंदी माझ्याच आज्याने घातलेली. लिहा तसं."

धाकू खाली बसला. दादा, सगळे खूश झाले असं मी लिहिणार नाही. दोघे तिघे उठून गेले. पण मजकूर मंजूर झाला. जाताना धाकू म्हणाला, "घराला नवं नाव तुम्हीच सुचवा, पण आता खरं असू द्या." त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

आजची सहल मी खरं सांगून केली. त्याच कडेवर उभी राहिले आणि सांगितलं. एका बाईंनी बिचकत विचारलं, "म्हणजे मॅडम, ते लोक... तुम्ही?" मी म्हटलं, "हो, आम्ही." त्या खाली वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायल्या. मग बाकीचेही आले. मी हे कुणाला करायला सांगितलं नव्हतं. राणी असताना त्या पाण्याला कुणी हातही लावला नव्हता, फोटो काढून सगळे निघून जायचे.

घरी आले, आंघोळही न करता हे लिहायला बसले आहे.

कोरणारा एक फेब्रुवारीला काम सुरू करतो. चार नावं दिली आहेत. पाचव्यासाठी जागा सोडायला सांगितली आहे. ते नाव या जगात आता फक्त तुला माहीत आहे. पोरगा असताना तू आजाच्या शेजारी बसून ऐकलंस, ते मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी मी जपलं असतं का, हे तू विचारशील, आणि तुझं बरोबर आहे.

माफ कर असं पत्रात लिहीत नाही. ते समोर येऊन म्हणेन. नाव तू रुचिराकडे दे, चिठ्ठीवर लिहून पाठव, कसंही चालेल, असं लिहिणार होते. तसं नको, दादा. मला सांग. तुझ्या तोंडून. एक तारखेला बस नाही, मी एकटीच जाणार आहे. सकाळी सात वाजता गाडी घेऊन तुझ्या बिल्डिंगखाली थांबेन. तू खाली आलास तर आपण दोघं जाऊ आणि कोरणाऱ्याला ते नाव तूच सांग. नाही आलास तर ती जागा मोकळी राहील. तिथे अंदाजाने काहीही लिहू देणार नाही, एवढा शब्द देते.

रावजीची नात,
आणि तू अजून म्हणत असशील तर तुझी बहीण,
संघमित्रा