लोकर फेकताना श्वास सोडायचा

२२ जून

तर त्याला नाव आहे. अंग बाहेर येणं! मार्चमध्ये आंघोळ करताना हाताला लागलं — मऊ, अंड्याएवढं, जिथे काही असायला नको तिथे. तेव्हापासून मी मनातल्या मनात कॅन्सरच धरून चालले होते.

डॉक्टरीण अगदी सहज म्हणाली, "मूत्राशय खाली सरकलंय, मेरेआना. चार बाळंतपणं, त्यात तुमचं काम असलं. खूप बायकांना होतं हे."

खूप बायकांना? मग मला एकही कशी माहीत नाही?

ऑपरेशनचं नंतर बघू, आधी फिजिओ. ती अलेक्झांड्रा गावात एक गुरुवार आड येते. माझा नंबर सोळा जुलै. तोवर तिचा व्यायामाचा कागद दिलाय. मेंढ्यांची कातरणी दहा ऑगस्टला सुरू. सात आठवडे आहेत हातात.

२३ जून

कागद गाडीत बसून वाचला. "आतले स्नायू आवळा. दहापर्यंत धरा." बरं. "कंबरेखाली उशी घेऊन पडा." उशी? आम्हा माओरींत डोकं पवित्र; ते टेकायची वस्तू बुडाखाली? आजी असती तर कानच धरला असता. गोऱ्या लोकांना काय, ते उशीवर बसतातही!

शेवटी रावीरीचा जुना कोट गुंडाळून घेतला. दाराला कडी.

"काय चाललंय ग आत?"

"कंबर दुखतेय."

सव्वीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याशी कडीआडून खोटं बोलले.

३० जून

रोज साठ वेळा. एकदाही चुकवलं नाही.

५ जुलै

कॉलिन येऊन गेला. आमच्या टोळीचा मुकादम. दरवर्षी माणसं मोजायला येतो आणि माझी तळलेली रोटी खाऊन जातो. हुइयाही होती, छोट्या मानूला घेऊन. माझ्या चार पोरांत थोरली ती, आणि टोळीतही माझ्याच हाताखाली.

"टेबल तुझंच ना यंदा, मेरे?" कॉलिन म्हणाला. "नसेल जमत तर हुइया आहेच."

"छे! आई मेल्याशिवाय सोडायची नाही," हुइया म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

बावीस वर्षं टेबल माझं आहे. मेंढीची अख्खी लोकर जमिनीवरून कवेत घ्यायची आणि अशी फेकायची की टेबलावर चादरीसारखी उलगडून पडली पाहिजे. दिवसाला दोनशे वेळा. दुसऱ्या शेडमधली माणसं बघायला यायची. ते गेलं की मी कोण? झाडू मारणारी. किंवा तेही नाही.

११ जुलै

कमी होत नाही, वाढतंय! संध्याकाळपर्यंत चालताना मांड्यांत गोळा अडकल्यासारखं वाटतं. काल रावीरीने खांद्यावर हात ठेवला आणि मी कुशीवर वळले. त्याने हात काढून घेतला. काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याला वाटत असेल मला तो नकोसा झालाय. मला मीच नकोशी झालेय, हे त्याला कसं सांगू?

व्यायाम दुप्पट केला. एकशेवीस.

१६ जुलै

फिजिओ आमच्या हुइयाच्याच वयाची. फ्रेया. हात ऊबदार, एवढं बरं. पडल्यावर म्हणाली, "आवळा बघू." मी जीव खाऊन आवळलं.

"थांबा, थांबा! मेरेआना, तुम्ही ढकलताय. आत घ्यायचं, वर. तुम्ही चक्क बाहेर ढकलताय!"

साडेतीन आठवडे! रोज! आणि वर दुप्पट!

तिने मला उभं केलं आणि हातात चादर दिली. "लोकर कशी फेकता, दाखवा." फेकली. सुंदर पडली पलंगावर. "पाहिलंत? श्वास कोंडला, पोट दगड केलं, सगळा जोर खाली. जोर म्हटला की तुमच्या अंगाला एवढंच ठाऊक आहे." म्हणजे ज्या फेकीचं एवढं कौतुक, तिचाच यात हात!

रडले. परक्या पोरीपुढे, अर्ध्या कपड्यांत. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "वारा अडवतो ना चारचौघांत? तसं. मागून सुरू करा, पुढे आणा आणि वर उचला. श्वास चालू ठेवून."

उशीचंही सांगून टाकलं. ती लाल झाली. "मला सुचायला हवं होतं," म्हणाली, आणि कपाटातून फोमचा उतरता तुकडा काढून दिला. "हा कुणाच्याही डोक्याखाली गेलेला नाही."

एक रिंगही बसवली, आतून आधार द्यायला. मी विचारलं, दहा ऑगस्टपर्यंत बरी होईन? ती म्हणाली, तीन-चार महिने तरी लागतील, आणि पूर्वीसारखं अगदी सगळं होईलच असं नाही. खरं बोलली. मला खोटं चाललं असतं.

२० जुलै

सापडलं! पापणी मिटावी एवढीच हालचाल. पण वर.

२ ऑगस्ट

घर रिकामं असलं की पलंगावर ओलं ब्लँकेट फेकते. आधी वर उचल, मग श्वास सोड, सोडता सोडता फेक. चारदा जमतं, पाचव्यांदा श्वास कोंडतो. कुत्रा दारात बसून बघत असतो. त्याच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही.

१० ऑगस्ट

पहिला दिवस. सकाळपासून एकच भीती — रिंग पडली तर? फळ्यांवर, सगळ्यांच्या देखत, टण्णकन! आणि कुणीतरी उचलून विचारेल, हे कोणत्या मेंढीचं?

पडली नाही.

पण श्वास सोडायचा म्हणजे आवाज होतो. "हफ्फ!" तिसऱ्याच लोकरीला एकजण ओरडला, "मेरे, टेनिस खेळतेयस काय?" चहाच्या सुट्टीपर्यंत अख्खी शेड हफ्फ करत होती. हुइया सगळ्यांत मोठ्याने हसली. रावीरी कातरायची मेंढी पायांत धरूनच म्हणाला, "म्हातारीच्या इंजिनातून धूर येतोय!"

"तुझं इंजिन तर केव्हाच भंगारात गेलं!" मी म्हटलं. हशा.

एकशे ब्याण्णव लोकरी. मग संडासात जाऊन रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

२० ऑगस्ट

वाईट दिवस. दुपारनंतर खाली सगळं जड. दोन लोकरी टेबलावर वेड्यावाकड्या पडल्या — माझ्या! कॉलिन जवळ येऊन हळूच म्हणाला, "थकलीस? उरलेलं हुइयाला देऊ का?"

"हात तर लावून बघू दे तिला!"

केवढ्याने ओरडले मी. हुइयाने ऐकलं. तोंड लाल झालं तिचं, पण झाडू उचलून लोटायला लागली. माझीच पोर. तिने काय वाकडं केलंय माझं? लाज वाटतेय.

२६ ऑगस्ट

दुपारपासून पाऊस. मेंढ्या भिजल्या, उद्या शेड बंद. नेमका उद्या फ्रेयाचा गुरुवार. एरवी सुट्टी मागावी लागली असती. रावीरीला सांगितलं, दाताला दाखवायला जातेय.

हुइयाचा फोन आला. वीस तारखेच्या भांडणानंतर पहिल्यांदा.

"आई, उद्या मानूला सांभाळशील? बँकेत काम आहे."

"उद्या नाही ग. दात."

"बरं." ठेवला. आधीच रागावलेली, त्यात हे. माफी मागायची आहे, पण कसं सुरू करू?

२७ ऑगस्ट

फ्रेयाच्या दवाखान्याचं दार ढकललं तर बाकावर हुइया. मांडीवर मानू.

मी तिच्या शेजारी बसले. मग तिने सांगितलं, मानूकडे बघत. तो झाला तेव्हापासून. अकरा महिने. तीही रिंग घालूनच येते शेडवर.

"मला का नाही सांगितलंस ग?"

"तू चार जणांना जन्म दिलास आई, आणि कधी हूं की चूं केलं नाहीस. मला वाटलं, मीच कच्ची."

फ्रेयाने दार उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, आधी कोण?

"ही," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे."