दोन वर्षांचा दाखला

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आणि उरलेल्यात माझी समजूत घालतोस, म्हणून पत्र. आईला दाखवू नकोस.

आधी गोड बातमी. नोकरीला लागून अकरा महिने होतात न होतात तोच मॅनेजरबाईंनी मला आमच्या कंपनीकडे आलेल्या एका बँकेच्या कामावर मुख्य केलंय. हाताखाली चार जण, त्यातला एक तुझ्यापेक्षा वयाने मोठा. तो मला मॅडम म्हणतो आणि मी मागे वळून बघते, कुणाला म्हणतोय म्हणून.

आता कडू. बँकेला या कामावरच्या प्रत्येकाचे कागद तपासून हवेत. तू मला तुझ्या दुकानाचा दाखला दिलास ना, दोन वर्षं प्रोग्रॅमर म्हणून काम केल्याचा, त्यावरच्या नंबरावर तपासणीवाले फोन करणार आहेत. परवापासून जेवणाचा डबा तसाच परत आणते. काय करू ते कळव.

आईला नमस्कार. तुझा राग नको, लोभ हवा.

तुझी,
टिटवी

---

९ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

मुख्य झालीस, वाचून दुकानातच टाळी वाजवली. गिऱ्हाईक दचकलं.

फोनचं माझ्यावर सोड. दोन वर्षं होती, काम चोख होतं, एवढंच तर सांगायचं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. संगणक दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाइकाला धीर देण्याची सवय असते, आवाज कापत नाही.

तुझं मन खातंय हे दिसतंय, म्हणून एकदाच लिहितो. बाबांचं अंग लुळं पडलं तेव्हा तू नुकती शिकून बाहेर पडली होतीस. दर दोन तासांनी त्यांची कूस तू बदललीस. तेवढ्या काळात मी दुकान एकाचं दोन गाळ्यांचं केलं. ते गेल्यावर तू दारोदार अर्ज घेऊन फिरलीस आणि जो तो विचारी, मधली दोन वर्षं कुठे गेली? मला ऐकवेना. म्हणून दिला दाखला.

आणि ऐक, शाळेच्या चाळीस यंत्रांच्या देखभालीचा करार याच महिन्यात नव्याने व्हायचाय. मी खोटे दाखले देतो असं कुणाच्या कानावर गेलं, तर आपलं निम्मं दुकान बसलं. तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

---

१४ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र चारदा वाचलं. पटलं नाही.

मंगळवारी बँकेच्या चालू यंत्रणेत एक बदल केला, आणि आधीची प्रत राखून ठेवली नाही. चाळीस मिनिटं सगळं ठप्प. मुरलेला माणूस प्रत ठेवल्याशिवाय हात लावत नाही. मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती, कारण मी अनुभवी. त्या वयस्कर सहकाऱ्याकडे जुनी प्रत निघाली म्हणून निभावलं. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “इतक्या अनुभवानंतर हे कसं?” दादा, त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

काल पलीकडच्या रांगेतल्या एकाला काढलं. त्याचेही कागद खोटे निघाले. ओळखपत्र काढून घेतलं, रखवालदार दारापर्यंत सोडायला. सगळे आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसले. मीसुद्धा.

सोमवारी मी बाईंना सांगणार आहे. दाखला मीच बनवला, सही मीच केली, भावाला पत्ता नाही, असं. तुझं नाव यात येऊ देणार नाही. फोन आलाच तर मला काही माहीत नाही म्हण. एवढं माझं ऐक.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. माया मात्र तशीच ठेव.

तुझी,
टिटवी

---

१५ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून लिहितोय. आज सकाळी फोन आला.

माणूस सभ्य होता. तुमच्याकडे किती दिवस होती, विचारलं. दोन वर्षं म्हणालो, आवाज कापला नाही. मग त्याने विचारलं, कामाला कशी होती? इथे चोख म्हणायचं होतं, घोकलेलं होतं. आणि डोळ्यांपुढे तू आलीस, बाबांना चमच्याने पाणी पाजताना. पुढचं तोंडातून कसं गेलं कळलं नाही. म्हणालो, “तिने माझ्याकडे काम केलेलं नाही. ती घरी आमच्या वडिलांचं करत होती. कागद मी बनवला, तिला खरं-खोटं काही ठाऊक नाही.”

त्याने माझं नाव पुन्हा विचारलं. लिहून घेतो म्हणाला.

सकाळपासून तुला फोन लावतोय, तू उचलत नाहीस. आता तूही हेच सांग, की तुला माहीत नव्हतं. माझं काय व्हायचं ते होऊ दे. रागावू नकोस.

तुझा,
दादा

---

२४ मार्च

ती. दादास,
सा. न.

फोन उचलला असता तर तू मला सोमवारी अडवलं असतंस, म्हणून उचललाच नाही. आणि तुझं पत्र हाती पडलं बुधवारी, सगळं होऊन गेल्यावर.

सोमवारी मी बाईंपुढे बसून ठरल्याप्रमाणे बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि खणातून तपासणीचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तुझा जबाब. मग विचारलं, “तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय?”

मी म्हटलं, “दोघंही. दोघांनाही माहीत होतं.”

त्यांनी बाबांबद्दल विचारलं, किती दिवस अंथरुणावर होते, दुसरं कोण होतं करायला. सगळं ऐकलं. पण बँकेला तोंड दाखवायचंय, ठेवता येणार नाही म्हणाल्या. रखवालदाराला बोलावलं नाही. दारापर्यंत स्वतः आल्या.

इथली भाड्याची खोली सोडलेली नाही. अर्ज करतेय. शाळेचं काय झालं?

टिटवी

---

३० मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

शाळेत मी आपण होऊनच सांगितलं, बाहेरून कळायच्या आत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, विचार करू. विचार झाला, करार दुसऱ्याला गेला. एक गाळा सोडतोय. जड गेलं, पण रात्री झोप लागते.

आईलाही सांगितलं. तिने हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाली, “दोन वर्षं पोर माझ्या डोळ्यांसमोर होती. दाखला हवा होता तर माझी सही घ्यायची.”

कुठे काही जमतंय का, लगेच कळव. आम्ही दोघं वाट बघतोय.

तुझा,
दादा

---

२१ एप्रिल

ती. दादास व ती. आईस,
सा. न. वि. वि.

सहा ठिकाणी नकार आला. काल सातव्या ठिकाणी गेले. तीन खोल्यांचं ऑफिस, नऊ माणसं, दवाखान्यांसाठी नोंदणीचे प्रोग्रॅम करतात. अर्जात अनुभवापुढे अकरा महिने लिहिलं. पुढचा रकाना होता, आधीची नोकरी सोडण्याचं कारण. त्यात लिहिलं, खोटा अनुभव दाखवल्यामुळे काढलं. जागा पुरली नाही, म्हणून ती दोन वर्षं कुठे गेली ते मागच्या बाजूला लिहिलं. बाबांचं औषधपाणी, पथ्य, कूस बदलायच्या वेळा, सगळं.

मालक वयस्कर आहेत. पुढची बाजू वाचून त्यांनी चष्मा काढला, आता हा माणूस मला जा म्हणणार, असं वाटलं. त्यांनी चष्मा परत लावला, कागद उलटला आणि मागची बाजू सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग म्हणाले, पगार नवशिक्याचा मिळेल, आणि पहिले सहा महिने प्रत्येक काम दुसऱ्याकडून तपासून घ्यावं लागेल.

मी म्हटलं, तेच हवंय.

सोमवारपासून जाते. तुम्हा दोघांची माया आहे, ती अशीच राहू द्या.

तुमची,
टिटवी