अहवालावर तुझं नाव

सौमित्रदादा,

मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून बत्तिसाव्या वर्षी मी तुझ्या ठाण्याच्या ऑफिसात इंटर्न झाले, ते शेअर बाजारातली ॲनालिस्ट व्हायचं म्हणून. रंगाच्या कंपन्यांवरचा अख्खा अहवाल मी एकटीने लिहिला. बाहेर पडला तेव्हा त्यावर फक्त तुझं नाव होतं.

"अगं, इंटर्नचं नाव घालत नाहीत," तू हसत म्हणालास. "शिकायला मिळालं ना?"

घरी आई तुझंच कौतुक करते. मी ऐकून घेते.

काल मला कायमची नोकरी मिळाली, तुझ्याच हाताखाली. मी हो म्हटलं. कारखान्यात परत जायचं नाही मला. म्हणून तर हे पत्र पाठवता येत नाही. पण यंदा भाऊबीजेला मी ओवाळणार नाही. आईला कारण तूच सांग.

तुझी मामेबहीण आणि ज्युनिअर,
उर्वी