नितेशचा डबा तापतो

बुधवार, २ मे २०१८

आज थोडक्यात वाचले! नितेश वलगावच्या दुकानातून भर दुपारी घरी. चपला काढायच्या आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात. लहानपणी त्याचे बाबा असाच टीव्हीवर हात ठेवून चोर पकडायचे म्हणे.

"बंद असून इतका गरम कावून?"

मी पोळी उलटत म्हटलं, अमरावतीत मे महिन्यात भिंतीसुद्धा तापतात. पटलं नाही त्याला. मी तरी काय करू, गेटचा आवाज आला तेव्हा कुठे बंद केला होता!

लग्नानंतर सगळं घर माझ्या हाती दिलं, हा गेमिंगचा डबा सोडून. पुण्यात नोकरीला होता तेव्हा त्याने स्वतः एकेक भाग आणून जोडलेला. हात लावायचा नाही! मी डब्याला हात लावतच नाही. माउसला लावते.

शुक्रवार, ४ मे

माझा गेम गोळीबाराचा नाही, शेतीचा. ट्रॅक्टर, नांगरणी, गहू. पाऊस वेळेवर, आणि बोंडअळी औषधालाही नाही. 'आधारची झेरॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये लपवलाय. ते तो जन्मात उघडणार नाही.

पंचाईत वेळेची आहे. खऱ्या बोंडअळीने गेल्या हंगामात कपाशी खाल्ली, आता बी-बियाणाच्या दुकानात माशा मारायलाही कोणी येत नाही. म्हणून हा वाटेल तेव्हा घरी. आधी डब्याला निवायला अख्खी संध्याकाळ मिळायची.

आज युक्ती केली. माठाला गुंडाळतो तसा ओला पंचा कॅबिनेटवर टाकला. माठ गार होतो, डबाही होईल — अक्कल पाहा माझी! गरम हवा वरच्या जाळीतूनच निघते हे लक्षातच आलं नाही. पंखे किंचाळायला लागले आणि अर्धं शेत नांगरून झालं असताना स्क्रीन काळी.

सासूबाई मागे कूलरसमोर बसलेल्या, डोळे मिटून वाती वळत. दुपारभर तिथेच असतात. शेत मक्त्याने दिल्यापासून आणि गुडघे गेल्यापासून त्या शेताचं नावही काढत नाहीत. डोळे न उघडता म्हणाल्या, "डब्याले ताप आला का व?"

हो म्हटलं. पंचा दोरीवर टाकला.

सोमवार, ७ मे

डबा विकायचा ठरला.

जेवताना सहज सांगितलं त्याने. दुकान हे असं, आणि हा बंद असूनही तापतो, म्हणजे आतून गेलाय. सोळा तारखेला अकोल्याहून एक जण पाहायला येणार.

मला रडूच आलं. कांदा चिरत होते म्हणून निभावलं. या घरात सगळे चांगले आहेत, पण माझं असं एवढंच आहे — दुपारची ती वेळ. तेव्हा कोणी चहा मागत नाही आणि मी पेरते ते उगवतं.

सांगून टाकू का? विकणार नाही कदाचित. पण पासवर्ड टाकेल, आणि वर्षभर पाहुण्यांना गोष्ट सांगून हसवेल. नकोच. डबा गार करायचा, बस.

बुधवार, ९ मे

उघडला!! एका बाजूचं झाकण काढलं तर आत धूळ इतकी की सासूबाईंच्या वाती व्हाव्यात. जुन्या टूथब्रशने साफ केली. मग उदबत्ती लावून पंख्यांजवळ धरली, धूर कुठे जातो पाहायला. पुढच्या पंख्यातून आत. मागच्यातूनही आत! हवा दोन्हीकडून घुसते आणि बाहेर जायला वरची जाळी तेवढी. साहेबांनी मागचा पंखा उलटा बसवलाय.

आणि हाच माणूस रोज ओरडतो, कूलर लावला की समोरचं दार उघडं ठेवा, हवा निघाली पाहिजे!

पंखा काढून पलटी केला, डबा भिंतीपासून थोडा पुढे ओढला. आता मागे हात धरला की गरम झोत लागतो.

भर दुपारी उदबत्तीचा वास कसा, हे सासूबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, डब्याची पूजा करते, बरा व्हावा म्हणून. त्यांनी वातीला पीळ दिला आणि बसल्या जागेवरून हात जोडले. मला हसू आवरेना.

शुक्रवार, ११ मे

मनसोक्त खेळले. नितेश आला, हात ठेवला — गार! पुन्हा ठेवला. मी मनातल्या मनात फुगडी घालत होते.

मग म्हणाला, "आराम देला तं सुधरला पाय. आता किंमतबी चांगली येते."

म्हणजे मीच गिऱ्हाइकासाठी डबा दुरुस्त केला! स्वतःचाच राग आला. रात्री जेवले नाही. सासूबाईंना सांगितलं, पित्त झालंय. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या.

रविवार, १३ मे

चांदूर रेल्वेला माहेरी आले. डबा घरातून जाताना पाहवणार नाही. नितेशला काही कळलं नाही. सासूबाईच म्हणाल्या, "जाय, राहून ये. डब्याकडं मी पायतो."

बुधवार, १६ मे

नितेशचा फोन. गिऱ्हाईक आलं, कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पंखे नुसते बोंबलत होते म्हणे. तो माणूस चहा न घेताच अकोल्याला परत!

"तू नाईस, मी सकायपासून दुकानात. मंग तापला कावून?"

मलाही कळेना. पंखा तर मी नीट बसवला होता. तो म्हणाला, आता हा फुकटही कोणी नेणार नाही, राहू दे घरातच.

आनंदाने आईच्या गळ्यात पडले. तिला वाटलं, काही गोड बातमी आहे.

गुरुवार, १७ मे

घरी आले. नितेश दुकानात. कॅबिनेटवर ओला पंचा, अजून ठिबकतोय. तो उचलला, 'आधारची झेरॉक्स' उघडलं. मी पडीक ठेवलेला तुकडा नांगरलेला होता. तासं इतकी सरळ, माझी कधीच येत नाहीत. गहू पेरून, उगवून, पिवळाही पडलेला.

सासूबाई मागे, डोळे मिटून वाती वळत.

"आली का व? बरं झालं. हार्वेस्टर कोन्या बटनानं चालते, थे सांग पयले."