साधेपणाचं सामान

१८ फेब्रुवारी

भिंत पांढरी केली! मला न विचारता. मी शोरनूरला दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि येईपर्यंत हॉलचा निम्मा रंग झालासुद्धा.

खुर्चीच्या मागे ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. बशीएवढा. पेपर वाचून झाला की मान तिथेच टेकायचे. गेलं वर्षभर भिंत पुसताना मी तेवढी जागा सोडत होते. रंगाऱ्याने आधी घासपेपर मारला, मग वरून दोन हात.

अंबिळी म्हणते, "अम्मा, केवढा डाग होता गं तिथे! आता बघ किती शांत वाटतं."

शांत!

मी आत जाऊन तांदूळ धुतले.

१९ फेब्रुवारी

बोलायला हवं होतं. काल दिवसभर तेच डोक्यात.

पुढच्या महिन्यात ह्यांचं वर्षश्राद्ध. त्यासाठी लेक मस्कतहून रजा काढून आली आहे. नातेवाईक येणार, हॉल नीट दिसायला हवा, एवढंच मला फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं, पडदे बदलेल. आता कळतंय की सगळा हॉलच "जुन्या पद्धतीचा" करायचाय. साधा पण भारदस्त.

हे घर आम्ही दोघांनी बांधलं तेव्हा ती चौथीत होती. यात जुनं काय आहे? मोझॅकची फरशी, ट्यूबलाइट, काचेचं कपाट. ह्यांनी पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून, मी गणिताच्या तासांतून उभं केलेलं. जसं होतं तसं आमचं होतं.

२१ फेब्रुवारी

कोचीहून सजावटवाला आला. रॉबिन. कमरेला कोरा मुंडू, दाढी, हातात टॅब. हॉलमध्ये उभं राहून त्याने डोळे मिटले. खरंच मिटले!

"आंटी, जागेला श्वास घेऊ द्यायला हवा."

जागा श्वास घेते म्हणे. इथे घेणारा माणूस गेला, त्याचं काय?

काचेचं कपाट बाहेर काढलं. ट्यूबलाइट काढली. ह्यांची निळ्या प्लास्टिक-वायरची खुर्ची "बाकीच्याशी जुळत नाही" म्हणून मागच्या पडवीत गेली. माझ्या देखत उचलली, एका हाताने, बादली उचलावी तशी. मी दुपारी ती धुतली आणि माझ्या खोलीत आणून ठेवली. अंबिळीने पाहिलं.

२२ फेब्रुवारी

डोकं दुखतंय.

२५ फेब्रुवारी

टेम्पो भरून साधेपणा आला.

कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा दरवाजा आला. त्याला पाय लावून मेज केलंय. कडीकोयंडा तसाच! त्यावर कप ठेवला की कलंडतो. भात मोजायचं पितळी पट्ट्यांचं माप आलं, त्यात छत्र्या उभ्या करायच्या. दगडी उखळ आलं, त्यात पाणी आणि कमळाची पानं. परवापर्यंत डास होतील, मी सांगून ठेवते. काशाची पसरट, कढईसारखी उरळी आली, ती मुद्दाम काळी करून आणलेली, जुनी दिसावी म्हणून. माझ्या सासूबाईंची उरळी चिंचेने घासून घासून सोन्यासारखी झालीय, ती माळ्यावर पडून. ती म्हणे फार चमकते.

बाहेर कोरीव कंदील, आत कोरीव आरसा, कोपऱ्यात हत्ती. साधेपणाला इतकं सामान लागतं?

दिवे पिवळे. इतके मंद की पेपरचा मथळासुद्धा वाचता येत नाही. रॉबिनला म्हटलं तर हसला. "आंटी, ही वाचायची खोली नाही, अनुभवायची आहे."

ह्यांनी तीस वर्षं इथे बसून पेपर वाचला. अनुभवला नसेल बहुतेक!

२७ फेब्रुवारी

शेजारची दाक्षायणी फणसाची भाजी घेऊन आली. दारातच थांबली. "टीचर, चप्पल काढू की आधी नाव नोंदवू? रिसॉर्टात आल्यासारखं वाटतंय."

मग दरवाजाच्या मेजाकडे बघून म्हणाली, "आणि हे दार कुणासाठी निजवून ठेवलंय?"

मला हसू आलं. किती महिन्यांनी! लगेच स्वतःचाच राग आला.

अंबिळीला मात्र तिचं काही लागलं नाही. उलट तिला अंगणात नेऊन कितीतरी वेळ कुजबुजत होती. मी खिडकीतून पाहिलं. दाक्षायणी हातवारे करून काहीतरी दाखवत होती, मग डोळ्यांना पदर लावला. माझ्याविरुद्ध तक्रार चालली असणार. अम्मा ऐकत नाही, अम्मा हट्टी आहे. करू दे.

२ मार्च

उखळात डास झाले.

४ मार्च

आज दोघांची जुंपली, रॉबिनची आणि अंबिळीची. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्याला दक्षिणेकडच्या भिंतीशी साखळीचा झोपाळा टांगायचाय. तोच म्हणे हॉलचा जीव. ही म्हणते, "तिथे काही नको."

"अहो मॅडम, एवढी भिंत मोकळी सोडायची?"

"सोडायची."

"निदान एक रोप? एखादी घंटा?"

"रॉबिन, एकदा सांगितलं ना! जमीनसुद्धा मोकळी हवी."

बाकी सगळीकडे दुकान मांडलंय आणि तेवढा एक कोपरा उघडा. हीसुद्धा फॅशनच असणार. मासिकांत असतात तशा रिकाम्या भिंती, खाली एक वाटी. नेमकी तीच जागा! तिथून ह्यांना उचललं. माझ्या डोळ्यांपुढून ती जागा हलत नाही, आणि ही तिला "मोकळी" म्हणते.

तिने काय पाहिलंय? ती आली तिसऱ्या दिवशी. कंपनीने पासपोर्ट दिला नाही, मग तिकीट नाही. दिरांनी सांगितलं, या उन्हात ठेवता येणार नाही, थांबू नका. ती आली तेव्हा मागच्या अंगणात चितेची राखच होती. हॉल धुऊन झाला होता. खुर्च्या परत जागेवर. तिच्यासाठी हा नुसता हॉल आहे. लांबी गुणिले रुंदी.

७ मार्च

मी हत्ती उचलून जिन्याखाली ठेवला. आरसाही. छत्र्या मापातून काढून खिळ्याला टांगल्या. धान्याच्या मापात चिखलाच्या छत्र्या मी ठेवू देणार नाही.

अंबिळीने संध्याकाळी पाहिलं. "अम्मा, तुला राग आला असेल तर बोल ना. अशी गुपचूप वस्तू काय हलवतेस?"

"तू विचारून हलवल्यास?"

"मी कुणासाठी करते हे सगळं?"

"तेच मला कळत नाहीये."

ती ताट तसंच ठेवून उठली. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

८ मार्च

हत्ती जिन्याखालीच आहे. तिने परत आणला नाही. आरसाही टेम्पोत घालून परत पाठवला. कंदीलही. तिने स्वतः.

जिंकल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही.

१२ मार्च

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

देवळातून परत आले. दिवेलागण झाली होती. हॉलमधले सगळे दिवे बंद. दक्षिणेच्या भिंतीशी, खाली जमिनीवर, आमची पितळी समई, निलविळक्क. आणि त्यात एक वात. एकच!

रोज दोन वाती लावतो आपण, पूर्वेला आणि पश्चिमेला. एकटी वात कुठे लावतात हे या मुलीला कोण सांगणार! ह्यांच्या उशाशी होती. तिथेच. तशीच. क्षणभर मला जमिनीवर केळीचं पान दिसलं, पांढरं वस्त्र दिसलं.

मी ओरडले. चाळीस वर्षं वर्गावर ओरडले नसेन इतकं. "शोभेला लावलीस? अगं, प्रेताचा दिवा लावलास घरात! साधं दिसावं म्हणून एकच वात? कळतं का तुला काही? तू होतीस कुठे तेव्हा!"

बोटाने वात तेलात दाबून विझवली. बोट भाजलं.

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. उठली नाही. थोड्या वेळाने फडकं आणून सांडलेलं तेल पुसलं, फार हळू, जमीन दुखेल असं. मग दिवा उचलून देवघरात ठेवला.

१३ मार्च

तिने सकाळी माझ्यासाठी पुट्टू केला, बरोबर केळं सोलून ठेवलं. मी खाल्लं नाही. बोटाला फोड आलाय.

रॉबिनचा फोन आला, काम झाल्याचे फोटो काढायला कधी येऊ. अंबिळी म्हणाली, "येऊ नका." बाकी काही नाही.

राग अजून आहे. अजिबात कमी झालेला नाही.

१४ मार्च

दाक्षायणीने विचारलं, "झालं का पोरीच्या मनासारखं?"

मी म्हटलं, "कसलं?"

"अहो टीचर, त्या दिवशी अंगणात सगळं विचारून घेतलं ना तिने माझ्याकडून. तिच्या अच्छनला कुठे निजवलं होतं, डोकं कुठे होतं, दिवा किती हातांवर, वाती किती. म्हणाली, 'सगळ्यांनी लावला, चेची, मीच लावला नाही. अम्माला विचारवत नाही.'"

दिवेलागणीला मी कापूस घेऊन बसले. एकच वात वळली. तेल घातलं. दिवा भिंतीशी नेऊन ठेवला आणि अंबिळीला हाक मारली.