ड्रॅगनचा हिरवा वाडगा

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. जुन्या भांड्यांचं आपलं दुकान चालू आहे. तुझी खुर्ची मी बळकावली आहे, ती अजून कुरकुरते. बाबांचा तोरा तसाच आहे. फक्त हल्ली ते रेडिओ इतका मोठा लावतात की शेजारचा चष्मेवाला भिंत बडवतो.

परवा एक बाई जुनी सुरई घेऊन आल्या. बाबांनी नेहमीसारखी टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बद्द वाजते. तडा गेलाय." दादा, ती घंटेसारखी वाजली होती. मी ऐकलं, त्या बाईंनीही ऐकलं. मी कशीबशी वेळ मारून नेली.

 मग तुझा तो सेलाडॉनचा, जुन्या चिनी घडणीचा वाडगा आठवला, हिरव्या झिलईखाली ड्रॅगन कोरलेला. किती मिरवत आणला होतास! बाबांनी त्यालाही अशीच टिचकी मारली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "बद्द! नकली माल. तुला जन्मात पारख यायची नाही." तू वाडगा तिथेच ठेवून गेलास तो गेलासच.

वाडगा माळ्यावर होता, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. त्यांनी तो फेकला नाही, विकलाही नाही. काल दुपारी मी तो काढला आणि टिचकी मारली. आवाज किती रेंगाळला म्हणून सांगू! बाबा माझ्या मागेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांना ऐकू येत नाही रे. तू गेलास तेव्हाही येत नसणार. समोरच्याच्या ओठांवरून भागवत आले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला फार रडू आलं, तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

मी त्यांचं बोट वाडग्याच्या काठावर ठेवलं आणि पुन्हा टिचकी मारली. थरथर बोटाला लागली तशी त्यांनी मान वर केली. "अजून एकदा," म्हणाले. मी मारली. बराच वेळ ते त्या ड्रॅगनकडे बघत होते.

"पोराचं बरोबर होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "त्याला बोलावू?" माझे ओठ त्यांनी नीट वाचले. "ये म्हणू नकोस. कोणत्या तोंडाने म्हणू मी? एवढंच लिही, वाडगा वाजतो."

तर लिहिलं. पण ये म्हणायला मला कुणी अडवलेलं नाही. ये. आल्यावर बेल वाजवत दारात उभा राहू नकोस, आणि उघडलं नाही म्हणून परत फिरू नकोस. सरळ आत ये आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेव.

दार उघडंच ठेवणारी,
तुझी धाकटी